पुरात भिजलेले फोटो आणि गिम्प शिकवणारी माणसे

ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णेचे पाणी सांगलीत शिरले तेव्हा आमच्या गावभागातल्या घराचा तळमजला पूर्ण बुडाला. आयर्विन पुलापाशी 40 फूट ही इशारा पातळी आणि 45 फूट ही धोका पातळी मानतात. त्या वर्षी पाणी 57 फुटांच्याही वर गेले. 2005 चा पूर पाहिलेला असल्यामुळे आम्ही तेव्हाच्या पाण्याची भिंतीवरची खूण प्रमाण मानली आणि तिच्यावर हातभर जागा सोडून, फोटोंची पत्र्याची ट्रंक कपाटाच्या डोक्यावर ठेवून घर सोडले. आठवड्याने परतलो तेव्हा ट्रंकेत गाळ भरलेला होता आणि फोटो एकमेकांना चिकटून त्यांची वीट झाली होती. फोटोच्या कागदावर जिलेटिनचा थर असतो, तो पाण्यात फुगतो आणि वाळताना शेजारच्या फोटोला घट्ट धरून बसतो, हे तेव्हा घरात कोणालाच ठाऊक नव्हते. आम्ही ते सोलून काढले आणि गच्चीत उन्हात वाळत घातले, तर ते पापडासारखे वळले. शे-दीडशे फोटोंपैकी माणसे ओळखू येतील असे बारा कृष्णधवल फोटो हाती लागले.

ते बारा फोटो पाच वर्षे एका पाकिटात पडून होते. शाळेच्या कार्यालयातून निवृत्त झाल्यावर मी ते बाहेर काढले, तेव्हा भाचीने माझ्या लॅपटॉपवर गिम्प हा फोटो दुरुस्त करण्याचा प्रोग्रॅम टाकून दिला आणि ‘मावशी, फोटोशॉपसारखंच आहे, फुकट आहे,’ एवढे सांगून ती बंगळूरला परत गेली. पुढचे दोन महिने मी त्याला ‘जिंप’ म्हणत होते. ‘गिरणी’तला ग घ्यायचा, हे मला पुष्कळ उशिरा कोणीतरी सांगितले.

हा प्रोग्रॅम 1995 मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठातील स्पेन्सर किंबॉल आणि पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनी लिहायला घेतला, 1996 मध्ये तो लोकांच्या हाती आला आणि त्यानंतर जगभरातले स्वयंसेवक तो वाढवत आले आहेत. त्याचा मूळ कोड कोणालाही पाहता येतो, बदलता येतो आणि वाटता येतो. त्यामुळे तो विकणारे दुकान नाही, आणि अडले तर फोन लावायला ग्राहक सेवा केंद्रही नाही. अडलेल्याच्या मदतीला येतो तो पूर्वी त्याच ठिकाणी अडलेला दुसरा माणूस. माझ्या वाट्याला अशी तीन माणसे आली: शेजारच्यांचा पुण्यात इंजिनिअरिंग शिकणारा मुलगा, लग्नपत्रिका आणि फलक स्वतः तयार करणारे तासगावचे एक निवृत्त चित्रकला शिक्षक, आणि मिरजेत फोटो छापण्याच्या कामावर असलेले एक गृहस्थ. तिघांचीही एकमेकांशी ओळख नाही, आणि तिघांनीही माझ्याकडून एक रुपया घेतला नाही.

पहिला प्रश्न मी त्या मुलाला विचारला आणि तो मी किती वाईट विचारला होता, हे आज वाचताना संकोच वाटतो. ‘ब्रश चालत नाही, काय करू?’ एवढेच वाक्य आणि सोबत मोबाईलने काढलेला पडद्याचा फोटो, ज्यात लाटांसारख्या रंगीत पट्ट्यांखेरीज काहीही वाचता येत नव्हते. त्याचे उत्तर आले: ‘काकू, डॉक्टरकडे गेल्यावर तुम्ही नुसतं “दुखतंय” एवढंच सांगता का?’ मग त्याने मला गिम्पच्याच ‘फाइल’ मेनूत ‘क्रिएट’खाली ‘स्क्रीनशॉट’ असतो तो दाखवला आणि पुढच्या वेळी संपूर्ण खिडकीचे चित्र पाठवायला सांगितले, म्हणजे उजवीकडची लेयरची (चित्राच्या एकावर एक ठेवलेल्या थरांची) यादीही त्यात दिसली पाहिजे. बहुतेक वेळा उत्तर त्या यादीतच असते, असे त्याचे म्हणणे होते.

त्या दिवशी मात्र उत्तर दुसरीकडे होते. ‘चित्राच्या कुठल्या कोपऱ्यात मुंग्यांची रांग चालताना दिसते का?’ असे त्याने विचारले. मी चित्र मोठे करून शोधले, तर खरोखरच खालच्या कोपऱ्यात ज्वारीच्या दाण्याएवढ्या चौकोनाभोवती तुटक रेघ सरकत होती. आदल्या रात्री माझ्या हातून नकळत तेवढाच भाग निवडला गेला होता, आणि निवड असली की ब्रश फक्त तिच्या आत चालतो, बाहेर कितीही घासला तरी रंग उमटत नाही. ‘सिलेक्ट’ मेनूतले ‘नन’ दाबले आणि ब्रश चालू लागला. या दाण्याएवढ्या चौकोनाने माझ्या दोन संध्याकाळी खाल्ल्या होत्या.

दुसरा घोटाळा आवृत्तीचा झाला. गिम्पची 3.0 ही आवृत्ती मार्च 2025 मध्ये आली आणि तो मुलगा तीच वापरत होता. माझ्याकडे भाचीने टाकलेली 2.10 होती. तो म्हणे, पेस्ट केलेला तुकडा आपोआप नवा लेयर होतो; माझ्याकडे तो ‘फ्लोटिंग सिलेक्शन’ नावाच्या त्रिशंकू अवस्थेत लोंबकळत राही आणि त्याला कुठे तरी टेकवल्याशिवाय पुढचे काही करता येत नसे. आम्ही दोघे अर्धा तास एकमेकांना चुकीचे ठरवत होतो. तेव्हापासून मी कोणालाही काही विचारताना पहिल्या ओळीत आवृत्तीचा आकडा लिहिते. तो ‘हेल्प’ मेनूतल्या ‘अबाउट’मध्ये दिसतो.

आता मूळ कामाकडे येते. माझ्या वडिलांचा 1964 मधला एक फोटो आहे. आयर्विन पुलाच्या कठड्याला सायकल टेकवून ते उभे आहेत, पांढरा सदरा, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. पुराच्या पाण्याने या फोटोवर डाव्या खांद्यापासून कपाळापर्यंत चहा सांडल्यासारखा तपकिरी पट्टा सोडला होता. मी तो स्कॅन करताना, फोटो कृष्णधवल आहे म्हणून, स्कॅनरवर कृष्णधवलच पर्याय निवडला होता. त्यामुळे डागाचाही रंग राखाडी झाला आणि चेहऱ्याच्या राखाडीत तो असा मिसळला की कुठले काय हे कळेना. तीन आठवडे मी तो डाग ब्रशने पुसत होते आणि वडील दर दिवशी थोडे अधिक अनोळखी दिसत होते.

तासगावच्या सरांना मी तो पाठवला तेव्हा त्यांनी त्याला हातही लावला नाही. ‘ताई, मूळ फोटो पुन्हा स्कॅन करा, आणि रंगीत करा,’ एवढेच ते म्हणाले. मला वाटले, त्यांनी फोटो नीट पाहिला नसावा. पण त्यांचे म्हणणे असे होते की जुन्या कृष्णधवल छपाईतली प्रतिमा चांदीच्या कणांची असते. ती लाल, हिरव्या आणि निळ्या या तिन्ही रंगांत जवळपास सारखीच गडद उमटते. डाग तसा नसतो. पिवळट-तपकिरी डाग निळा प्रकाश शोषून घेतो आणि लाल प्रकाश बराचसा परत पाठवतो, म्हणून रंगीत स्कॅनचे तीन रंग वेगळे केले तर निळ्यात डाग सर्वांत काळा दिसेल आणि लाल रंगात सर्वांत फिका. कृष्णधवल स्कॅन करून मी हा फरकच फेकून दिला होता.

त्यांनी सांगितल्याप्रमाणे मी 600 डीपीआयला, म्हणजे दर इंचाला 600 ठिपके या बारकाईने, रंगीत स्कॅन केला आणि तो जेपीईजीऐवजी टिफमध्ये ठेवला, कारण जेपीईजी फाइल लहान करताना बारीक तपशील गाळते आणि दुरुस्तीच्या कामात तेच तपशील लागतात. मग ‘कलर्स’ मेनूत ‘कंपोनंट्स’, त्यात ‘डिकंपोज’, आणि पर्याय आरजीबी, म्हणजे लाल, हिरवा, निळा. एका नव्या चित्रात तीन लेयर तयार झाले. मी निळ्याचा डोळा बंद केला, म्हणजे यादीत नावाशेजारी जे डोळ्याचे चिन्ह असते ते दाबले. हिरव्याचाही बंद केला. आणि फक्त लाल उरला. तपकिरी पट्टा नऊ-दहा आणे तरी नाहीसा झाला होता. वडिलांचे कपाळ पाच वर्षांनी दिसले. मी ब्रश हातात न घेता हे झाले होते, आणि तीन आठवडे ज्याला मी दुरुस्ती समजत होते ती नुसती खाडाखोड होती, हे मला स्वच्छ दिसले. मी सरांना फोन केला तर ते म्हणाले, ‘आता तुमचं काम सुरू होतंय. उरलंय ते हाताने.’

हाताने करायच्या कामाला गिम्पमध्ये मुख्यतः दोन साधने आहेत. ‘क्लोन’ एका जागेची हुबेहूब नक्कल दुसऱ्या जागी ठेवते. ‘हील’ पोत तिथला घेते पण उजेड-सावली इथल्याशी जुळवून घेते. दोन्हींत कंट्रोल दाबून क्लिक केले की नमुन्याची जागा ठरते. हील साधन मला इतके आवडले की मी ते सगळीकडे वापरू लागले, आणि सदऱ्याच्या कॉलरपाशी मानेचा काळसरपणा पांढऱ्या कापडात ओघळला, जणू ओल्या फडक्याने पुसताना काजळ पसरावे. मिरजेच्या गृहस्थांनी ते पाहून सांगितले की जिथे काळे आणि पांढरे एकमेकांना भिडतात तिथे हील वापरायचे नाही, तिथे छोट्या ब्रशने क्लोन करायचे. हील मधल्या मोकळ्या जागेसाठी, आकाशासाठी, गालासाठी. त्यांनी आणखी एक गोष्ट अशी बजावली की मी ती कागदावर लिहून लॅपटॉपला चिकटवली आहे: मूळ लेयरवर कधीही काम करायचे नाही, त्याची प्रत काढायची आणि जे काही करायचे ते प्रतीवर. मला हे तेव्हा कारकुनी काळजी वाटली, आणि कारकुनी मी आयुष्यभर केलेली असल्याने लगेच पटलीही.

या तिघांचे एकमत नेहमी होत असे, असे मात्र नाही. आजोबांच्या एका फोटोत त्यांचा डावा डोळाच गाळाबरोबर निघून गेला होता; तिथे नुसता पांढरा कागद उरला होता. शेजारच्या मुलाचा सल्ला होता की उजवा डोळा उचलावा, आडवा उलटवावा आणि डावीकडे बसवावा. मी तसे केले. प्रमाण जुळले, पापणीही जुळली, पण आजोबा असे काही बघू लागले की मला तो फोटो रात्री उघडा ठेवता येईना. कारण तासगावच्या सरांनी सांगितले: खिडकीच्या उजेडाचा जो पांढरा ठिपका बुबुळात पडतो तो दोन्ही डोळ्यांत एकाच बाजूला असतो, आणि उलटवलेल्या डोळ्यात तो विरुद्ध बाजूला गेला होता, शिवाय नजरही नाकाकडे वळली होती. ठिपका पुसून योग्य बाजूला काढावा, असे त्यांनी सुचवले आणि पेन्सिलीने काढूनही दाखवले. मिरजेचे गृहस्थ दोघांच्याही विरुद्ध होते. ते म्हणाले, ‘ताई, भिंत बांधा, आकाश रंगवा, कपडे शिवा. पण जे तोंड फोटोत नाही ते आपण करायचं नाही. उद्या तुमची नातवंडं तोच डोळा खरा समजतील.’ हल्ली यंत्राला सांगितले की ते चेहरा आपोआप पुरा करून देते. भाचीने हौसेने तसा एक करून पाठवला होता आणि त्यात आजोबांच्या पगडीखाली कोणी तरी नीटनेटका परका गृहस्थ बसलेला होता. मी मिरजेकरांचे ऐकले. त्या जागी आसपासच्या कातडीइतकाच सौम्य राखाडी रंग भरला आणि डोळा मोकळा सोडला. त्या मुलाला ते अजूनही अर्धवट काम वाटते.

फोटोखाली ‘सांगली, 1964’ असे लिहिण्याचे काम मला अगदी सोपे वाटले होते. कार्यालयात आयुष्यभर वापरलेल्या जुन्या फॉन्टमधला मजकूर इथे चिकटवला तर इंग्रजी अक्षरांची खिचडी उमटली, कारण तो फॉन्ट युनिकोडचा, म्हणजे सगळ्या संगणकांवर चालणाऱ्या प्रमाण अक्षरपद्धतीचा, नव्हता. युनिकोडमध्ये टाइप केल्यावर अक्षरे नीट आली, पण ‘सांगली’तला ल हिंदी वळणाचा. त्यावर उपाय सापडला तो टेक्स्ट साधनाच्या पर्यायांत, जिथे ‘लँग्वेज’ अशी एक चौकट आहे. तिथे मराठी निवडले की, फॉन्टमध्ये मराठी वळणाचे ल आणि श दिलेले असतील तर, तेच उमटतात. हे मला सरांनी सांगितले, आणि हा असा एकच प्रश्न असेल ज्याचे उत्तर द्यायला मराठी लिहिणारा माणूसच लागला.

काम झाल्यावर मी फाइल ‘सेव्ह’ केली आणि पुण्याच्या भावाला पाठवली. त्याचा फोन आला की त्याच्याकडे ती उघडत नाही. ‘सेव्ह’ केले की गिम्प आपल्याच एक्ससीएफ प्रकारात फाइल ठेवते, ज्यात सगळे लेयर शाबूत राहतात. दुसऱ्याला पाठवायची तर ‘एक्स्पोर्ट’ करून जेपीईजी करावी लागते. हे मी मिरजेच्या गृहस्थांना विचारले तेव्हा ते हसले आणि म्हणाले की आठवड्यातून एकदा तरी कोणी ना कोणी त्यांच्याकडे छापायला एक्ससीएफ घेऊन येतेच. छपाईसाठी त्यांना एसआरजीबी या साध्या, नेहमीच्या रंगपद्धतीतली जेपीईजी चालते. 6 बाय 8 इंचाला 300 डीपीआयने 1800 बाय 2400 पिक्सेल पुरतात. माझ्या स्कॅनमध्ये त्याहून अधिक होते.

छापून आलेला फोटो घेऊन मी हरिपूरला आत्याकडे गेले. ती माझ्या वडिलांची धाकटी बहीण, आता चौऱ्याऐंशी वर्षांची आहे. तिने चष्मा पुसला, फोटो खिडकीकडे धरला, सायकलीवर बोट फिरवले, सदऱ्याच्या बाह्या पाहिल्या. मग म्हणाली, ‘छान झालाय गं. पण दादाचा तीळ कुठे गेला?’

तीळ खालच्या ओठाच्या डाव्या अंगाला, हनुवटीच्या जरा वर होता. ‘दाढी करताना नेमका तिथेच कापायचा आणि तुरटी शोधत घरभर हिंडायचा,’ असे आत्या सांगत होती. वडील गेले तेव्हा मी बारा वर्षांची होते आणि मला तो तीळ आठवत नव्हता. हनुवटीवरचे तीन ठिपके मी एका दुपारी, मोठ्या समाधानाने, हील साधनाने गुळगुळीत केले होते.

घरी येऊन मी ती एक्ससीएफ फाइल उघडली. वरच्या दुरुस्त लेयरचा डोळा बंद केला आणि खालचा मूळ लेयर पाहिला: तिन्ही ठिपके होते तिथेच होते. आता यातला तीळ कोणता आणि गाळ कोणता, हे आत्याच्या बोटावरून नेमके सांगता येईना, कारण तिन्ही एका नखाखाली मावतील इतके जवळ होते. हाताशी मात्र तीन रंग होते. मी डिकंपोज केलेले चित्र उघडून निळा आणि लाल आळीपाळीने पाहिला. दोन ठिपके निळ्यात काळेभोर आणि लाल रंगात फिकट. तिसरा दोन्हींत सारखाच गडद, हिरव्यातही तेवढाच. पुराचा डाग फिका पडला होता आणि चांदीतला तीळ पडला नव्हता.

दुरुस्त लेयरला पांढरा मास्क जोडला आणि पाच पिक्सेलच्या काळ्या ब्रशने त्या एका ठिपक्यावर क्लिक केले, म्हणजे तेवढ्या जागी वरचा लेयर दिसेनासा झाला आणि खालून तीळ वर आला. रात्री भावाला पुन्हा पाठवला, या वेळी जेपीईजी.

उरलेल्या फोटोंवर हील फिरवण्याआधी मी आता त्यांची साध्या कागदावर मोठी प्रत काढून हरिपूरला नेते. आत्या पेन्सिलीने गोल करते आणि शेजारी लिहिते: हा डाग, हा तीळ, हा देवीचा व्रण.